मेरिटची सीट

रविवार, ९ नोव्हेंबर २०२५. संध्याकाळी ७.१०. अमरावती.

आज काय झालं, क्रमाने :

१. रॅली. अमरावतीहून तिवसा, तिथून रिद्धपूर आणि परत. ११२ किलोमीटर. ठरवून दिलेला वेग ताशी ३६. वाटेत चार ठिकाणी घड्याळं घेऊन माणसं बसलेली. उशिरा पोचलं तर सेकंदाला एक गुण दंड. लवकर पोचलं तर दोन.
२. गाडी धर्मेंद्रभाऊंच्या अकोल्याच्या गॅरेजची. जिप्सी. चालक मी. शेजारी रस्त्याचं पुस्तक वाचायला पौर्णिमा.
३. पहिल्या ठिकाणी, २० किलोमीटरवर, आम्ही ३० सेकंद लवकर. शेवटच्या ठिकाणी २ मिनिटं ४८ सेकंद लवकर.
४. एकोणीस गाड्यांत आमचा नंबर सतरावा.
५. अकोल्याची अपेक्षा नावाची मुलगी चौथी. तिची पहिलीच रॅली. दुसऱ्या एका टीमची गाडी, सीटचे पैसे स्वतः भरलेले.
६. मला त्याचं काही वाटलं नाही.

नोंद : बाकी अठराही गाड्या कुठे ना कुठे उशिरा पोचल्या. सगळीकडे लवकर पोचणारी एकच गाडी होती. याचा अर्थ ज्याचा त्याने लावावा.

विसाव्या किलोमीटरच्या वळणावर पौर्णिमा म्हणाली, दीक्षा, पुस्तकात वीस हाय अन् आपलं मीटर एकोणीस सातशे दाखवून राह्यलं. मी सांगितलं की मीटर मी स्वतः ऑक्टोबरमध्ये जुळवलंय, तीन वेळा, म्हणजे पुस्तक चुकलंय. ती म्हणाली, मंग आजूबाजूचा अख्खा रस्ताच चुकलेला दिसते वं. मी मीटरप्रमाणेच वेग धरला. गाडीत अनावश्यक बोलू नये.

काल जेवताना बाबाही म्हणाले होते, टायर नवे हायेत, मीटर पुन्हा जुळवून घेजो. नवे टायर मला स्वतःला आज सकाळी स्टार्टला दिसले. बाबांचा अंदाज चांगला आहे.

अपेक्षाचे हातमोजे लाल आहेत. मनगटावर पांढरी पट्टी. मुद्दाम पाहिले नाहीत.


सोमवार, १० नोव्हेंबर.

कंपनीत जेवणाच्या सुट्टीत कालच्या वेळांचा आलेख काढला. आडव्या रेषेवर अंतर, उभ्या रेषेवर किती सेकंद लवकर. चारही बिंदू एका सरळ रेषेत. म्हणजे माझ्या ड्रायव्हिंगमध्ये कमालीचं सातत्य आहे. चौथ्या नंबरवाल्यांचा आलेख काढून पाहावा, पार वेडावाकडा येईल.

मी एमआयडीसीत क्वालिटीला आहे. दिवसभर मायक्रोमीटर हातात असतो. सरळ रेषा म्हणजे काय, हे मला कुणी शिकवू नये.


मंगळवार, ११ नोव्हेंबर.

बाबांच्या डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. व्यवस्थित. दीड महिना वाकायचं नाही, जड उचलायचं नाही, धूळ-तेल टाळायचं. उजव्याचं जानेवारीत.

डॉक्टर तेल म्हणाले तेव्हा बाबा खिडकीबाहेर बघत होते.

आता अकोल्याची असोसिएशनची मीटिंगही बंद. २०२२ मध्ये बडनेऱ्याहून रेल्वेतून रिटायर झाले. गेल्या वर्षीच्या जानेवारीपासून दर रविवारी सकाळच्या गाडीने अकोल्याला पेन्शनरांच्या मीटिंगला जातात. पेन्शनरांचे इतके प्रश्न असतील असं मला वाटलं नव्हतं. माझ्या रॅलीच्या दिवशी मात्र असोसिएशनला सुट्टी असते. चांगला योगायोग.


शुक्रवार, १४ नोव्हेंबर. दुपारी १.४०.

धर्मेंद्रभाऊंचा फोन. २१ डिसेंबरच्या अकोल्याच्या रॅलीला जिप्सीत अपेक्षा बसणार. ती सीटचे पैसे भरते आहे. मला म्हणाले, राग नको मानू, दीक्षा, आता आपल्याले दुसरा इलाज नाही. ‘आता’ का, ते मी विचारलं नाही. विचारणं म्हणजे आर्जव करणं झालं असतं.

शांत आहे. संध्याकाळची भर : चार वाजेपर्यंत शांत होते.

मुद्दा तत्त्वाचा आहे. सीट मिळवायची असते, विकत घ्यायची नसते. पैसे भरून बसणाऱ्याला प्रवासी म्हणतात. माझी सीट मेरिटची होती. जानेवारी २०२४ मध्ये भाऊंनी ट्रायल घेतली, त्यात मी वाटेत मांडलेले दोन प्लास्टिकचे कोन पाडले, तरीही मलाच निवडलं. म्हणजे त्यांना कोनांच्या पलीकडचं काहीतरी दिसलं होतं.

अपेक्षा इंजिनिअरिंगला मॅनेजमेंट कोट्यातून होती. ही माहिती सहज मिळाली. चाळीस मिनिटं लागली. वडील महादेवराव, अकोल्यात डाळ मिल. माणसाने आयुष्यभर एकच सवय ठेवावी.


सोमवार, १७ नोव्हेंबर.

धर्मेंद्रभाऊंना लेखी मागणी केली : जानेवारी २०२४ पासून आजवरच्या सहा रॅलींत जिप्सीच्या सीटसाठी कुणी, केव्हा, काय दिलं, याची पूर्ण यादी. ती आमच्या रॅली क्लबमध्ये वाचून दाखवणार. यादीत माझ्या नावापुढे शून्य असेल. एवढंच सगळ्यांना दिसायला हवं.

बाबांना मजकूर वाचून दाखवला. डोळ्यावर हिरवी पट्टी, खाटेवर सरळ पडलेले. म्हणाले, यादी काहून मागतं? मी म्हटलं, पारदर्शकता. म्हणाले, पोरी, गाडी कोणाच्या भरवशावर चालते ते गाडीले इचारू नाही. औषधाची गुंगी असावी.


बुधवार, १९ नोव्हेंबर.

अपेक्षाने सोशल मीडियावर फोटो टाकला. जिप्सीच्या बॉनेटवर हात ठेवून. खाली लिहिलंय, ‘नवी मैत्रीण’. दोनशे बारा लाइक. तीन तासांनी दोनशे साठ.

बॉनेटच्या डाव्या कोपऱ्यातला पोचा मी पाडलेला आहे. तिचा हात नेमका त्यावर आहे.


रविवार, २३ नोव्हेंबर.

यादी नाही. उत्तर नाही. ज्यांच्याकडे लपवायला काही असतं ते गप्प बसतात.

बाबा सकाळपासून बेचैन. अकोल्याची गाडी गेली का, म्हणून दोनदा विचारलं. आईने विचारलं, जाऊन करता काय असं तिथं? बाबा म्हणाले, काम असते. असोसिएशनची इतकी ओढ बरी नाही.

त्यांच्या नखांत अजून काळं आहे. छत्तीस वर्षं रेल्वेत काढली की ते निवृत्तीनंतरही निघत नसावं.


रविवार, ३० नोव्हेंबर. दुपारी ३.

क्लबची बैठक. हजर बावीस. माझा ठराव : चालकाने स्वतःच्या सीटसाठी काहीही देऊ नये. मी अकरा मिनिटं बोलले. मुद्दे सात. आवाज एकदाही चढला नाही.

मग अपेक्षा उठली. तिने मला ताई म्हटलं. ती मला नेहमी ताई म्हणते, मी फक्त तीन वर्षांनी मोठी आहे. म्हणाली, ताईचं खरं हाय. मलेही मेरिटवर भेटली असती तर मी पैसे काहून भरले असते? पण पेट्रोल, टायर, गिअरबॉक्स आभाळातून पडत नाही, कोणीतरी देतेच. माह्यं मी देते. ताईचं कोण देते?

मी म्हटलं, टीम देते.

ती म्हणाली, मंग टीमले कोण देते?

कुणीतरी हसलं. हा प्रश्न ठरावाच्या कक्षेबाहेरचा होता आणि मी तसं सांगितलं.

ठरावाच्या बाजूने एक. विरोधात सतरा. चार जण त्या वेळी बाहेर चहा पीत होते. त्यांत पौर्णिमा. परतताना तिला कारण विचारलं. म्हणाली, तुयावाला मुद्दा बरोबर होता, पण चहा गरम होता. मग स्कूटर थांबवून म्हणाली, खरं सांगू का? आपल्याले सीट फुकट काहून भेटली, हे दोन वर्षांत तू एकदाही इचारलं नाही.

विचारायचं काय? मेरिट.

नवा संकल्प : अपेक्षाचं नाव या वहीत पुन्हा येणार नाही.


मंगळवार, २ डिसेंबर.

अपेक्षाने २१ तारखेसाठी पौर्णिमाला शेजारी बसायला विचारलं. पौर्णिमा हो म्हणाली. आधी मला विचारलं, बसू का म्हणून. मी म्हटलं, अवश्य. हा शब्द मी सहसा वापरत नाही.


बुधवार, ३ डिसेंबर.

कंपनीच्या पार्किंगमध्ये एका जिप्सीचे टायर मोजले. पुढचे नवे, मागचे झिजलेले. त्रिज्येत फरक ५ मिलिमीटर. ३३० ला ५ म्हणजे साधारण दीड टक्का. ११२ किलोमीटरचा दीड टक्का १.६८ किलोमीटर. ताशी ३६ ने ते अंतर कापायला २ मिनिटं ४८ सेकंद.

म्हणजे मीटर झिजलेल्या टायरवर जुळवलेलं होतं, रॅली नव्या टायरवर झाली आणि मीटर अख्खा रस्ता कमी मोजत होतं. पुस्तक बरोबर होतं. रस्ताही.

तथापि टायर बदलल्याचं चालकाला वेळेत कळवणं ही टीमची जबाबदारी आहे. मला कुणी कळवलं नाही.

(बाबांनी कळवलं होतं. पण ते टीममध्ये नाहीत.)


रविवार, ७ डिसेंबर. अकोला स्टेशन, फलाट १, दुपारी ४.२५.

सकाळच्या गाडीने अकोल्याला आले. यादी समोर बसून घ्यायची असं ठरवलं होतं. गॅरेजमध्ये काय झालं ते लिहिते.

धर्मेंद्रभाऊंनी पहिलं विचारलं, काकांचा डोळा कसा हाय?

मी विचारलं, तुम्हाला कसं माहीत?

तेव्हा मागची भिंत दिसली. खुंटीवर निळी डांगरी. छातीच्या खिशावर दोऱ्याने भरलेला आकडा, बाबांचा रेल्वेतला टोकन नंबर. आईचा टाका मी ओळखते. खाली त्यांचा जुना चष्मा, काडीला तांब्याची तार गुंडाळलेला. तो हरवला म्हणून मीच नवा करून दिला होता.

भाऊ म्हणाले, म्हंजे तुले माहीतच नाही? मले वाटलं, तुमचं घरातलं ठरलेलं हाय.

मग यादी दाखवली. यादी म्हणजे भिंतीवरची दोन कॅलेंडरं, रविवारच्या चौकटीत लाल पेनाने ‘न’. न म्हणजे नत्थुजी, म्हणजे बाबा. मोजले. १४ जानेवारी २०२४ ते २ नोव्हेंबर २०२५ या काळात रविवार ९५. खुणा ९०. उरलेले पाच माझ्या रॅलींचे. सहावी रॅली ९ नोव्हेंबरची, त्या दिवशीही खूण नाही.

भाऊ म्हणाले, ट्रायलच्या दुसऱ्या रविवारी काका आले. म्हणाले, पोरगी बसू द्या, मी रविवारी येत जाईन, हात चालतात अजून. गॅरेजात येते त्या प्रत्येक गाडीचा गिअरबॉक्स त्याईनंच उघडला. दुसरा माणूस ठेवला असता तर मले परवडलं नसतं. त्याईच्या कामावर तुयी सीट. नवे टायरही त्याईनंच चढवले, दोन तारखेला. तेव्हाच म्हणे, आता कानानं काम करून राह्यलो, दिसत नाही नीट.

मी विचारलं, ट्रायलमध्ये मी कशी होते?

भाऊंनी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, चहा घेतं का?

घेतला. कपावर पेंटने ‘काका’ लिहिलेलं होतं. दुसरा कप नव्हता.

निघताना अपेक्षा आली. स्वतःच्या हाताने पाना घेऊन जिप्सीखाली शिरली. बाहेर आली तेव्हा नाकावर ग्रीस. म्हणाली, ताई, मीटर लय कमी दाखवून राह्यलं, तुमच्याकडंही असंच होतं का? मी म्हटलं, हो. असंच होतं.

एवढंच म्हटलं. बाकी जे वाटलं त्याला मी अजून मत्सर हा शब्द वापरायला तयार नाही.

गाडी वीस मिनिटं लेट.


सोमवार, ८ डिसेंबर.

बाबांना काही विचारलं नाही. संध्याकाळी डोळ्यात थेंब टाकताना ते म्हणाले, काल कुठं गेलती? मी म्हटलं, असोसिएशनच्या मीटिंगला.

एक थेंब गालावर गेला. तो औषधाचा होता, बाटली माझ्याच हातात होती.

मग म्हणाले, क्लचची तार बदलली का रे त्याईनं?

म्हटलं, पाहून सांगते.


मंगळवार, ९ डिसेंबर. सकाळी ६.५०.

धर्मेंद्रभाऊंना पाठवलेल्या मजकुराची प्रत :

धर्मेंद्रभाऊ,

यादी मिळाली. मागणी मागे घेते.

१४ डिसेंबरपासून दर रविवारी सकाळच्या गाडीने मी येईन. गिअरबॉक्स मला उघडता येत नाही. मोजता सगळं येतं. २१ तारखेच्या रॅलीसाठी जिप्सीचं मीटर नव्या टायरवर जुळवून देईन. चालवणार अपेक्षा, वाचणार पौर्णिमा. त्यावर माझी हरकत नाही.

माझ्या सीटचं काय करायचं ते माझे रविवार भरल्यावर तुम्ही ठरवा. किती भरायचे तेही तुम्हीच सांगा. ट्रायल पुन्हा घ्या. कोन मोजून ठेवा.

खुंटीवरची डांगरी कुणाला देऊ नका. मला ती मोठी होईल, बाह्या दुमडून घालीन.

क्लचची तार बदलली का, ते बाबांना हवं आहे.

शुक्रवार, १२ डिसेंबरपर्यंत कळवावं.

दीक्षा