मोगरीच्या शेपटीचं इंटरनॅशनल

कोरेगाव भीमा,
मंगळवार, सकाळच्या धारा झाल्यावर

आदरणीय धम्मदीप मामा,

तुम्हाला आन् मामीला तेजूचा जय भीम. इकडं आम्ही सगळी बरी हाओत, म्हंजी जितकं बरं राहता येतं तितकी. तुमचा गुडघा कसा हाय? मामीला सांगा, लसणाच्या चटणीची बरणी धुवून ठिवलीय (हे मागणं न्हाई, नुसती माहिती हाय). तुम्ही म्हणाल, पोरीनं फोन सोडून कागद का धरला. मामा, फोन पप्पांकडं असतो आन् पप्पा स्पीकर लावल्याबिगर बोलू देत न्हाईत. स्पीकरवर मला 'हां' आन् 'हूं' एवढंच येतं, हे तुम्हाला म्हाईत हाय. अनिता मावशी दौंडला लेकीकडं निघाल्यात, त्यांच्यापाशी हे पत्र देतेय. पाकीट डिंकानं चिकटवलंय, उघडं आलं तर मावशीला इचारा.

तुम्ही दर रविवारी फोनवर इचारता, "तेजू, इंटरनॅशनलचं काय ठरलं?" आन् मी म्हणते 'हां'. तर ते काय ठरलं हे सांगायचं म्हंजी पयल्यापासनं सांगावं लागंल, आन् मी आधीच दमलेय.

आईच्या मनगटाचं ऑपरेशन झालं तवा मी नववीत होते. धारा माझ्याकडं आल्या आन् शाळा गेली. (खरं सांगू का, मास्तर उभं करून उत्तर इचारायचे, ते गेलं म्हणून मला तवा जरा बरं बी वाटलं.) आमची मोगरी म्हैस स्वभावानं चांगली, पर शेपटीनं वाईट. धारंला बसलं की शेणानं माखलेली शेपूट बरोबर कानफटात. दोन वर्सं मी मोगरीचा मार खाल्ला. मग एक दिवस पप्पांच्या मोडक्या सायकलच्या कॅरिअरचा चाप काढला, आतून ट्यूबचं रबर लावलं, पट्ट्यानं तिच्या मागच्या मांडीला बांधला आन् शेपटीचा गोंडा त्यात धरला. तिनं जोरात वढलं तर चाप आपोआप सुटतो, तिला दुखत न्हाई. एवढंच हाय ते. पर पप्पांच्या कंपनीतले एक साहेब दूध न्यायला येत्यात, त्यांनी ते बघितलं आन् म्हणाले, याचं पेटंट घ्या.

आता मामा, आमच्याकडं पेटंट म्हंजी काय? 'उद्या बघू' हे पप्पांचं पेटंट. जेवायला बसलं की 'मीठ कमी हाय' हे शेजारच्या हौसराव आबांचं पेटंट. तवा आईला वाटलं, साहेब म्हणत्यात की पोरीला आता ही सवयच लागलीय. पप्पांना मात्र सणसवाडीला कंपनीत कुणीतरी नीट सांगितलं आन् आम्ही पुण्याला एजंटकडं गेलो. एजंट म्हंजी आरटीओवाला असंल असं समजून पप्पांनी आधार, रेशनकार्ड आन् माझे चार पासपोर्ट फोटो घेतले, मोगरीचा बी एक घेतला. तिथं निघाल्या एक मॅडम. एसी होता, खुर्ची फिरती होती. मी बसले तर ती आपोआप खिडकीकडं वळली, परत वळवायची कशी ते कळंना, म्हणून निम्मं मी खिडकीतून ऐकलं.

मॅडमनी सगळं लिवून घेतलं, दोनदा "छान" म्हणाल्या. मग इचारलं, "हा शोध याआधी कुठं प्रसिद्ध झालाय का?"

मामा, इथं घात झाला. पप्पांचा चेहराच फुलला. म्हणाले, "प्रसिद्ध? मॅडम, लई प्रसिद्ध! पार दौंडपत्तोर!" मॅडमनी पेन खाली ठिवला. पप्पांना वाटलं त्यांचा इश्वास बसंना. म्हणून त्यांनी मोबाईल काढला आन् तुम्ही जयंतीला लावलेला फ्लेक्स दाखवला. तोच तो, एक दौंडात आन् एक टेम्पोतून आमच्या कमानीला धाडलेला. मधी तुम्ही, कडंला तुमचे आठ मित्र गॉगल लावून, खाली कोपऱ्यात मी (पाचवीतला फोटो), आन् जागा उरली म्हणून चापाचं आख्खं चित्र. स्प्रिंग तुमच्या रेल्वेच्या वर्कशॉपात मिळतीय का बघा म्हणून मी तुम्हाला जे व्हॉट्सअपला टाकलं होतं, ते. पप्पांनी दोन बोटांनी मोठं करून दाखवलं, "हे बघा मॅडम, मापं बी वाचता येत्यात."

मग मॅडम लई शांतपणी बोलल्या. प्रसिद्ध म्हंजी नावाजलेला न्हाई, लोकांपुढं उघड केलेला. उघड झालं की बहुतेक देशांत ते नवं धरत न्हाईत. आपल्याकडं बी अवघड झालंय. पप्पांनी 'इंटरनॅशनल' पेटंटाचं इचारलं, तर सगळ्या जगाचं मिळून एक पेटंट नसतंच, देशागणिक येगळं. फकस्त थोड्या देशांत, त्यात अमेरिका, ज्यानं शोध लावला त्यानं न्हाईतर त्याच्याकडनं कळलेल्यानं उघडं केलं असंल तर बारा महिने माफी असती. म्हंजी पुढच्या जयंतीच्या आत अमेरिकेत अर्ज करायचा. त्याचा खर्च सांगितला तवा पप्पांनी पाणी मागितलं. मॅडमनी दिलं.

तवापासनं घरात अमेरिका हाय. पप्पांनी हिशोब घातलाय की मोगरी इकली तर अर्जाचं भागतंय. मामा, म्हैस इकून तिच्या शेपटीचं पेटंट! आई म्हणाली, "मग चाप काय माझ्या येणीला लावायचा व्हय?" तर पप्पा म्हणाले, "तुला इंटरनॅशनल कळत न्हाई." हौसराव आबा रोज येत्यात. पप्पांना म्हणत्यात, "पोपट, कर बाबा, जगात नाव व्हईल पोरीचं," आन् म्हणताना मोगरीच्या कासंकडं बघत्यात. घेणार तेच हायत. त्यांनीच मोबाईलवर अमेरिकेतला गोठा दाखवला. मामा, तिथं सगळ्या गाई, आन् धार मशीन काढतंय. शेपूट कुणाच्या तोंडावर बसणार, तिथं खाली तोंडच न्हाई!

पप्पा शेवटी म्हणाले, तुझं डोकं हाय, तूच ठरव. (आजवर मला कुणी काय ठरवाय दिलं नव्हतं, आन् दिलं ते डायरेक अमेरिका.) आठ दिस मी धारंला बसून तेवढाच इचार करतेय. परवा रतनबाईच्या गोठ्यात गेले तर तिच्या म्हशीच्या मांडीला माझ्यासारखाच चाप. फ्लेक्स बघून तिच्या सुनंनं केलाय. पप्पा म्हणाले चोरी हाय. पर रतनबाई म्हणाली, "तेजे, पंचवीस वर्सांत पयल्यांदा कोरड्या तोंडानं धार काढली गं." मला लई बरं वाटलं. कुणाला सांगितलं न्हाई.

तर मामा, अमेरिका नको. ठरलं. तुम्ही वाईट वाटून घेऊ नका, फ्लेक्स तुम्ही मायेनं लावला हे मला कळतंय.

तुमची भाची,
तेजश्री

ता.क. : हे पप्पांना मी अजून सांगितलेलं न्हाई. त्यांच्याम्होरं माझं तोंड उघडतच न्हाई. आबा शुक्रवारी मोगरीला न्यायला दावं घेऊन येणार हायत. तवा गुरुवारच्या आत फोन करून तुम्ही सांगा, तुमचं ऐकत्यात. मी शेजारी उभी राहून 'हां' म्हणीन.

ता.क. दुसरा : मॅडमच्या कागदावर माझ्या नावाम्होरं इंग्रजीत एक शब्द होता. मी अक्षरं जुळवीपत्तोर त्यांनी पान उलटलं. पप्पा म्हणाले, काय होतं गं? मला सांगता आलं न्हाई. ध्यानात राहिलेली अक्षरं घरी येऊन डिक्शनरीत बघितली, त्याचा अर्थ शोध लावणारी. मामा, आपल्याबद्दल काय लिवलंय तेवढं तरी आपल्याला वाचता यावं. भायेरून दहावीला बसायचा सतरा नंबरचा फॉर्म निघालाय म्हणत्यात. तो भरायला याल का? खरं तर पत्र याच्यासाठीच लिवलं, पर सुरुवातीला लिवायची लाज वाटली.

ता.क. शेवटचा : पास झाले तरी फ्लेक्स नको. मी दहावीला बसतेय हे अजून कुठंच प्रसिद्ध झालेलं न्हाई.