गुरुवारी एक नवीन पदार्थ

गुरुवार, २ एप्रिल १९८१

आज लियूबाईंकडे नेहमीची प्लेट मागवली नाही. चित्राला धक्काच! गेलं वर्षभर आम्ही दोघी कारखान्याच्या सुट्टीला चिंचवड स्टेशनजवळच्या त्या चिनी खानावळीत जातो आणि तेच खातो — पातळ पारी, आत कोंबडीचा खिमा, वाफेवर शिजवलेलं. चित्रा त्यांना चिनी करंज्या म्हणते.

"काय गं शैला, लॉटरी लागली का?"

कारण तिला सांगितलं नाही. इथे लिहिते. सोमवारी आमच्या खोलीवर दूध उतू जाऊन करपलं. चित्राला जिन्यातच वास आला, ती धावत वर आली. मी स्टोव्हच्या शेजारी वाचत बसले होते. मला कसलाही वास नाही.

सर्दी नाही. मग काय ते तपासायला हवं. नेहमीचा पदार्थ चालणार नाही, त्याची चव जिभेआधी आठवणच सांगून टाकते. कधी न खाल्लेला हवा.

आजचा: आत पालक आणि अंडं. मीठ कळलं. मिरची कळली. व्हिनेगर झोंबलं. ही सगळी जिभेची कामं. बाकी नुसतं गरम आणि ओलं.

शनिवार, ४ एप्रिल

क्रोमच्या हौदातला नमुना घ्यायला प्लेटिंग शॉपमध्ये, लोखंडी भागांवर मुलामा चढवतात तिथे, गेले. लॅबमधून रोज मीच जाते. हौदावरची वाफ ओढून घेणारा पंखा दिवाळीपासून बंद आहे. दौलतराव हौदावरचे सगळ्यात जुने कामगार. त्यांच्या रुमालावर आज पुन्हा नाकातलं रक्त. कंपनीच्या डॉक्टरांकडे जाऊन आले होते.

"डॉक्टर म्हनत्यात, ती लॅबवाली म्याडम रोज हौदावर वाकती, तिला काय न्हाई झालं. तुमालाच बरं होतंय! तंबाकू सोडा."

पलीकडून कुणीतरी ओरडलं, "दौलतराव, नाक बदलून आणा राव पुण्यास्नं!" सगळे हसले. तेही हसले. मग हळूच मला म्हणाले, "तुमचं नाक बरं हाय नव्हं, म्याडम?"

"बरं आहे."

"मग आमचंच वंगाळ आसंल."

मंगळवार, ७ एप्रिल

महिनाअखेर मी नोकरीत कायम होणार. त्याआधी वैद्यकीय तपासणी — त्याच डॉक्टरांकडे. या कामावर घेतलेली पहिली बाई मी. नापास झाले तर दुसरी घेणार नाहीत.

गुरुवार, ९ एप्रिल

मटणाचं सारण. ओळखलं! चक्रीफूल! इतका आनंद झाला की चित्राच्या पाठीत धपका घातला. ती म्हणाली, "अगं, खाण्यापायी मारतेस का मला?"

रात्री आठवलं. प्लेट ठेवतानाच लियूबाई म्हणाल्या होत्या, "आज चक्रफूल डाला है, बोलो कैसा है." ऐकून ओळखलं. चाचणी बाद.

सोमवार, १३ एप्रिल

हौदावरचे चौघे पंखा दुरुस्त करा म्हणून साहेबांकडे जाणार आहेत. दौलतराव म्हणाले, "तुमी संगट या. त्या वाफेनं काय हुतं ते तुमी सांगा. आमचं कोन ऐकतंय!"

काय होतं ते मला माहीत आहे. क्रोमिक आम्लाची वाफ नाकाचा मधला पडदा खाते. दुखत नाही, हळूहळू वास जातो. पुस्तकात एवढंच आहे, दोन ओळी.

म्हटलं, "गुरुवारनंतर सांगते."

"गुरुवारी काय हाय?"

"सुट्टी."

गुरुवार, १६ एप्रिल

जसं झालं तसं लिहिते.

लियूबाईंना आधीच बजावलं — नवीन काहीही द्या, आत काय आहे ते सांगू नका. त्या हसल्या. "ठीक है बेटी, परीक्षा!" चित्रा हात धुवायला मागे गेली. मी सुरुवात केली. पहिला घास — तिळाचं तेल! अगदी स्पष्ट. दुसरा, तिसरा. शंकाच नको. नाक ठीक आहे. डॉक्टर खोटं बोलत नाहीत, दौलतरावांचं कारण दुसरं काहीतरी असणार, मी साहेबांकडे जायची गरज नाही. पाच खाईपर्यंत हे सगळं ठरवूनही झालं.

चित्रा आली. एक करंजी उचलली, तोंडाजवळ नेली, टाकून दिली.

"शी! सडलंय हे!"

लियूबाई धावत आल्या. टेबलापर्यंत पोचायच्या आधीच त्यांनी नाकाला पदर लावला, प्लेट उचलली. "झिंगा है. दो दिन से लाइट नहीं, बर्फ पिघल गया. माफ करना बेटी..." मग प्लेटकडे पाहिलं. "पाँच खाया? आप कैसे खाया?"

तिळाच्या तेलाचं विचारलं.

"वो तो कब का खतम."

चित्रा प्लेटकडे पाहत नव्हती. माझ्याकडे पाहत होती.

शुक्रवार, १७ एप्रिल

रात्रभर उलट्या. चित्रा घमेलं धरून बसली. "कधीपासून?" एवढंच विचारलं. माहीत नाही म्हटलं. खरंच माहीत नाही.

त्या पदार्थाची मला काही आठवण नव्हती. तरी चव आली. हवी होती म्हणून आली.

शनिवार, १८ एप्रिल

कंपनीच्या दवाखान्याबाहेर दौलतरावांच्या मागे रांगेत उभी राहिले. डॉक्टर म्हणाले, "तुम्ही कशाला रांगेत? या आत." मी दौलतरावांना घेऊनच आत गेले. म्हटलं, "आधी माझं नाक बघा. यांच्यासमोर."

त्यांनी डाव्या नाकपुडीत बॅटरी धरली.

दौलतराव वाकून पाहत होते. "आयला! उजेड पल्याडच्या नाकपुडीतनं येतोय की!"

डॉक्टर म्हणाले, "दार लावून घ्या."

मी म्हटलं, "राहू द्या उघडं."