वरचा ओठ खाली

९ मार्च, साल्तो

झालं! खालच्या ओठाचा मधला भाग गेला. तीस वर्षं उन्हात संत्री तोडली, त्याचं हे बक्षीस — कॅन्सर. डॉक्टर बेरुत्तीबाईंनी वरच्या ओठाचा तुकडा कापून खाली वळवून शिवलाय, पण वरून सोडवलेला नाही. "त्याला रक्त वरूनच मिळतंय. तीन आठवडे असंच राहायचं, ओंदिना. बोलायचं नाही."

मधोमध मांसाचा खांब, दोन बाजूंना दोन भोकं — हे माझं तोंड! बोलता येत नाही म्हणून ही वही.

११ मार्च

लाळ. रक्त. परत लाळ. उशीला नासक्या माशाचा वास — नाही, मलाच.

१४ मार्च

घरी आले. आरशात पाहिलं. शी!

वाल्देमार जेवणाचं ताट उचलून अंगणात गेला. सव्वीस वर्षं संसार केलेला नवरा! "म्हातारे, राग मानू नकोस, पण घास उतरत नाही गं."

कागदावर लिहून दिलं — जा. मलाच माझी किळस येते, त्याला काय बोलू?

१९ मार्च

शेजारची इर्मा रोज भोपळ्याचं सूप गाळून आणते. पिचकारीने कडेच्या भोकातून घालते. अर्धं हनुवटीवरून गळ्यावर. तीच पुसते. "अगं, चार पोरांची शी-शू काढलीय मी, तुझी लाळ म्हणजे काय!"

हसू आलं. टाके ताणले — आई गं!

बाहेर वाल्देमार कुणाला तरी सांगत होता, "घरात आजारी जनावर बांधल्यासारखं वाटतं." कान शाबूत आहेत माझे.

२३ मार्च

रिपोर्ट आला. कडा स्वच्छ, कॅन्सर सगळा निघाला. इर्मा हमसून रडली. वाल्देमार म्हणाला, "बरं झालं." आणि कपडे भरून बहिणीकडे राहायला गेला. "तू बरी होईपर्यंत."

३० मार्च

सोडवलं! एक इंजेक्शन, थोडी कापाकापी, चार टाके. तोंड उघडतं! लहान झालंय, सुजलंय, बधिर आहे. येर्बाच्या पानांचा काढा नळीने ओढून पाहिला — सगळा झग्यावर. इर्माने झगा धुतला.

२ मे

सूज गेली. दोन बारीक रेघा राहिल्यात.

आज वाल्देमार बॅग घेऊन परत आला. दाढी करून, अत्तर लावून. "वा म्हातारे, आता कशी माणसात आलीस!" म्हणाला आणि ओठांवर ओठ टेकवायला वाकला.

मी तोंड फिरवलं. एवढी शिसारी मला त्या लाळेचीसुद्धा आली नव्हती.

म्हटलं, "बॅग उघडू नकोस."