राक्षसाने पडलेल्याला ओलांडायचं नाही

प्रिय विनू,

परवा, रविवार, ९ जून, संध्याकाळी साडेपाच. या वेळी, माझ्याच घरात, माझ्याच डायनिंग टेबलवर तुझ्या ऑफिसातल्या निनादने तुझा नियम रद्द केला. गेलेल्या माणसांना पत्रं लिहिणाऱ्या बायका मला आवडत नाहीत, म्हणून इतके दिवस लिहिलं नव्हतं. पण हा प्रकार सोडून देण्यासारखा नाही.

तुझ्या ऑफिसातली मंडळी अजून दर रविवारी येतात. तू रचलेल्या भुयाराच्या खेळाचा पुठ्ठा मांडतात, फासे टाकतात, माझी खिचडी संपवतात. परवा एका अरुंद बोळात केतकीचा योद्धा मेला आणि राक्षस तिथेच थांबला. तुझा नियमच तसा: पडलेल्याला ओलांडून कुणी पुढे जायचं नाही, लढाई संपेपर्यंत त्याची सोंगटी जागची हलवायची नाही. निनादने ती उचलली आणि डब्यात टाकली.

"ताई, लॉजिक बघा ना. एवढा मोठा राक्षस. टांग टाकून पलीकडे जाईल."

"विनूचा नियम आहे."

"पण याला सगळ्यात जास्त तुम्हीच हसायचात."

हसायचे, खरं आहे. मेल्यावरही जागा सोडत नाही, हा योद्धा आहे की पेठेतला जुना भाडेकरू, हे मीच म्हटलं होतं. तुझ्या कोणत्या नियमाला मी सोडलं होतं? वैद्याने धारदार शस्त्र वापरायचं नाही, का, तर रक्त सांडायला नको. मग गदेने डोकं फोडल्यावर काय श्रीखंड निघतं? भोसकलेला माणूस रात्रभर झोपला की सकाळी टवटवीत. आणि राक्षस आपली पाळी येईपर्यंत शांतपणे उभा! ज्या शहरात सिग्नलला कुणी थांबत नाही, त्या शहरात बसून तू हे रचलंस?

रचलंस तेही कधी, तर दोन हजार साल उजाडताना जगातले कॉम्प्युटर बंद पडतील म्हणून तुम्हाला ऑफिसात बसवून ठेवलं होतं तेव्हा. कॉम्प्युटर काही बंद पडले नाहीत. तू मात्र पहाटे भुयार काखोटीला मारून घरी आलास.

काही नियमांचा अर्थ मला लागला, तुला सांगितलं नाही इतकंच. आपल्या नन्सच्या शाळेत हात वर केल्याशिवाय भांडतासुद्धा येत नसे, त्यामुळे पाळीचं कळलं. तिथल्या सिस्टर लाकडी पट्टी नेहमी सपाट बाजूने मारायच्या, कडेने कधीच नाही, आणि त्याला दया म्हणायच्या. तुझा वैद्य त्यांच्याच हाताखालचा.

ओलांडण्याचं मात्र कळत नव्हतं. मग तू बाथरूमच्या बोळात पडलास.

स्ट्रेचर घेऊन दोघं आले. बोळ केवढा, तुला माहीत आहे. त्यातला एक सरळ तुझ्यावरून टांग टाकून पलीकडे गेला. मी ओरडले, "माणूस आहे तो, उंबरा नव्हे. परत फिर. उलट ओलांड." बिचारा घाबरून उलट पावली तुला ओलांडून माघारी आला. बासष्टाव्या वर्षी तुझी उंची काय वाढायची राहिली होती? पण माझ्या तोंडून आपली आईच बोलली. शनिवार पेठेतल्या त्या दोन खोल्यांत दुपारी सगळे आडवे झाले की पाय ठेवायला जागा नसायची, तरी झोपलेल्याला ओलांडलं की आई डोळे न उघडता म्हणायची, "उलट ओलांड. त्याची उंची खुंटेल."

म्हणजे तू राक्षसांनाही आईच्या हाताखाली वाढवलंस. मला सांगायला काय झालं होतं? एवढी वर्षं मला हसू दिलंस!

तर परवा मी डब्यातून सोंगटी काढली आणि बोळात होती तिथे ठेवली. निनाद म्हणाला, "मग आम्ही माझ्याकडे, तिकडे मांजरी गावात खेळू, ताई. आमच्या सोसायटीत क्लबहाऊस आहे, एसी आहे."

"अवश्य. गारठून खेळा. पुठ्ठा इथेच राहील."

कुणी खिचडीला हात लावला नाही. केतकी समजुतीने म्हणाली, "विनयसरांनी कुठे लिहून ठेवलंय का? लिहिलेलं असेल तर आम्ही मानू."

इथेच तू मला तोंडघशी पाडलंस. बाकी सगळे नियम टाईप करून ठेवलेस, हा एकच तोंडी. तुला तो नियम वाटलाच नसणार. पाणी प्यायचं असतं हे कुणी लिहून ठेवतं का?

ते रविवारी येतील की नाही, मला ठाऊक नाही. रविवार रिकामा गेला तर मला काय होईल, तेही ठाऊक नाही. पण एक वचन देते. कुणी आलं नाही तर मी एकटी दोन्ही बाजूंनी खेळेन, आणि राक्षस माझ्या हातात असतानाही कुणाला ओलांडणार नाही. हरले तर हरले.

तरीही, आयुष्यभर बँकेत रीतसर वागलेली बाई आहे मी, म्हणून रीतसर मागणी करते. सदर नियम तुझ्या अक्षरात, तुझ्या सहीने, येत्या रविवारी संध्याकाळी साडेपाचच्या आत माझ्याकडे लेखी पोचला पाहिजे. सबबी चालणार नाहीत. मुदतीत उत्तर आलं नाही तर तुझी संमती आहे असं धरून मी खेळ सुरू करीन.

तुझी,
ताई