उमरेडला टाकलेलं पत्र

१२ जानेवारी १९५८
कोपराखालचा डाग आता चवलीच्या नाण्याएवढा. धंतोलीच्या डॉक्टरांनी आज नाव सांगून टाकलं. कोड. दुसऱ्याला लागत नाही, दुखत नाही, वाढू मात्र शकतं. घरी येताच आईने डागाला लावायला बावचीचं तेल काढलं आणि इंदूला बाहेर पिटाळलं. जसं काही धाकट्या बहिणीला इतके दिवस दिसलंच नव्हतं.

१५ जाने.
कॉलेजात सरांनी एक जुनी इंग्रजी भक्तिकविता शिकवून संपवली. फूल कोमेजतं, बहर ओसरतो, चांगुलपणा तेवढा देवापाशी पोचतो. माझा निबंध वर्गात वाचून दाखवला. रूप म्हणजे चार दिवसांचा पाहुणा, असं मी ठणकावून लिहिलं होतं, मागच्या पावसाळ्यात. तेव्हा हात धड होता. लिहायला काय जातं!

१९ जाने., रविवार
उमरेडचे मास्तर मला बघून गेले. सोबत त्यांची आत्या. आईने मनगटापर्यंत बाह्यांचं पोलकं शिवून घेतलं होतं. मास्तरांनी अभ्यासाचं विचारलं, मी त्या कवितेचं सांगितलं.
"हे तुमाले खरंच वाटते, का परीक्षेपुरतं?"
खरंच वाटतं, मी म्हणाले. बाही ओढत. माणूस चांगला आहे, म्हणून जास्त लाज वाटली.

२२ जाने.
होकार आला. घरात पेढे. मी माझा ठेवून दिला.
बाबांना मागावर गाठलं. लुगड्यात एक धागा तुटलेला असला तरी बाबा गिऱ्हाइकापुढे घडी उलगडून आधी तो दाखवतात, मग भाव सांगतात. माझ्या डागाचंही तसंच करा, असं त्यांना म्हटलं. मागाचा धोटा थांबला.
"लुगड्याचं अलग असते, बाई."
परत विणायला लागले. माझ्याकडे बघितलं नाही.
आईचं म्हणणं सरळ आहे. कोडाचं घर म्हणून नाव पडलं की इंदूला कोण करून घेणार? इंदू पंधराची. पण मास्तरांना फसवून त्यांच्या घरात जाणं माझ्याच्याने...

२५ जाने.
चार वेळा लिहून फाडलं. पाचव्यांदा चारच ओळी उरल्या. डाग आहे, वाढेल, त्या दिवशी लपवला, घरचे सांगणार नाहीत म्हणून मी सांगते. पत्ता शाळेचा घातला. कॉलेजच्या वाटेवरच्या पेटीत टाकलं. मग पेटीच्या तोंडात हात जातो का ते बघितलं. जात नाही.

२९ जाने.
पत्राचं घरी मीच सांगितलं. आई जेवली नाही. बाबा फक्त म्हणाले, आता वाट पाहा. राग, कौतुक, काहीच कळलं नाही.

२ फेब्रु., रविवार
उत्तर नाही. मास्तरांची आत्या दोन गल्ल्या पलीकडे नातेवाइकांकडे येऊन गेली म्हणे. आमच्याकडे आली नाही. म्हणजे कळलं. किती जणांना, देव जाणे. नळावर बायका मला बघून गप्प होतात, की मलाच तसं वाटतं?

६ फेब्रु.
आजही पोस्टमन थांबला नाही. दुपारी इंदू माझी वेणी घालत होती. मधेच हात थांबले.
"तू खरं सांगितलं ते चांगलंच केलं वं ताई. पण त्यात माझंबी होतं ना. मले काहून नाही विचारलं?"
मला सुचलंच नव्हतं. एवढ्या दिवसांत एकदाही नाही. आईशी भांडले, बाबांना सुनावलं, चार पत्रं फाडली, आणि हिला विचारावं असं मनात आलं नाही. मला रडू फुटलं. विचारलं असतं तर नको म्हणाली असतीस का, असं मी तिला विचारलं.
"आता कायले विचारतेस," म्हणाली. वेणी पुरी केली, रिबीन बांधली आणि घागर घेऊन नळावर गेली.