एक दिवसाआड

साहेब, मागच्या महिन्यात औरंगाबादला आम्हा कारखानदारांचं शिबिर होतं. पुण्याहून आलेला कोटातला एक मुलगा सांगत होता, की दोन-अडीच हजार वर्षांपूर्वीचे चिनी विचारवंत आजच्या कारखान्यांत कसे उपयोगी पडतात. वरच्या माणसानं आधी स्वतः नीट वागावं, पाण्यासारखं खालची जागा धरावी. सगळे लिहून घेत होते. मला मात्र परभणीचं आपलं जिनिंग, कापसातून सरकी काढायचा तो कारखाना, दिसायला लागलं.

राणीसावरगावहून आलेली, घरातली पहिलीच नोकरदार मुलगी, मी तिथं टायपिस्ट होते. तुम्ही मॅनेजर, हैदराबादेत उर्दूतून शिकलेले. चहा घेता घेता त्या चिनी म्हाताऱ्यांच्या गोष्टी सांगायचात. मालक चिडवायचे, "चीननं आपल्यावर हल्ला केला, विसरलात?" तुम्ही हसायचात. "शेठ, हे म्हातारे त्या भांडणाच्या लय आधी वारले."

मग बहात्तरचा दुष्काळ पडला. कापूसच येईना. मालकांनी निम्म्या बाया काढायला सांगितल्या. तुम्ही सगळ्यांना शेडमध्ये बोलावता, खुर्ची नको म्हणता, सरकीच्या पोत्यांजवळ खाली बसता. "कुणालाच काढणार नाही. सगळेच एक दिवसाआड येऊ, अर्ध्या पगारावर. मीसुद्धा."

पिंगळीहून येणारी एक म्हातारी विचारते, "सायेब, तुमी कामून अर्धा घ्यायलाय? तुमाला कोण काढायलंय?"

"मी पुरा घेतला तर तुम्ही माझं कशाला ऐकाल, मावशी?"

ती म्हणते, "बरं हाय. आमी येतो."

बायांचं काम टिकलं, तुमचं टिकलं नाही. पुढच्या हंगामाला मालकांनी दुसरा मॅनेजर आणला. तुम्हाला निरोप द्यायला स्टेशनवर बायाच बाया होत्या. गाडी सुटताना तुम्ही मला म्हणालात, "बाई, कधी माणसं हाताखाली आली तर त्यांच्यात बसत जा."

आता माझी स्वतःची डाळमिल आहे. कोरोनाच्या टाळेबंदीत ती बंद पडायची वेळ आली, तेव्हा मी सगळ्यांना बोलावलं, खाली बसले आणि मिलमधली माझी घरखर्चाची उचल आधी थांबवली म्हणून सांगितलं. मग त्यांच्या पगारातल्या कपातीचं बोलले. एकही माणूस सोडून गेला नाही.

तुम्ही आता नाही, हे पत्र कुठं पाठवायचं नाही, म्हणून सांगते. बायांसमोर तुम्ही किती शांत दिसत होतात. मी मात्र माझ्या माणसांसमोर भीतीनं हिशेबाची वही पदराखाली घट्ट धरून बसले होते. तुम्हालाही भीती वाटली होती का, हे मला तुम्हाला विचारायचं होतं.