देठासकट सूर्यफुलं

१२ फेब्रुवारी, बुधवार

पुन्हा तेच! परसातली सूर्यफुलं पाहुण्यांसाठी राखून ठेवलीत, आणि सासूबाईंनी सकाळीच दोन मुंडकी खुडून देवघरात नेली. देठ तसेच उभे — बोडके! म्हटलं, "आई, फुलदाणीत ठेवायला देठ लागतो हो." तर म्हणे, "देवाला देठ चालत न्हाई. येवढंबी कळंना का तुला?"

रविवारी जिंतूरचे पाहुणे अपेक्षाला बघायला येणार. मुलगा नोकरीवाला, माणसं शिकलेली. एकुलती एक मुलगी आमची. घर जरा नीट दिसायला नको?

१३ फेब्रुवारी, गुरुवार

फुलं टिकतात का बघावं म्हणून अपेक्षाच्या पप्पांना दोन कापून आणायला सांगितलं. भर उन्हात विळ्यानं कचाकचा कापली, पिशवीत उलटी कोंबली! संध्याकाळपर्यंत दोन्ही फुलांनी माना टाकल्या. आता मीच कापणार. ऊन चढायच्या आत, धारदार सुरीनं, देठाला तिरका काप, की लगेच बादलीत. पाण्यात बुडतील ती पानं काढायची, पाणी रोज बदलायचं. एवढं साधं — पण या घरात सांगणार कुणाला!

अपेक्षाला शिकवायला बोलावलं. "मम्मी, मला एम.एस्सी. करायचंय," म्हणाली आणि निघून गेली. मी फुलांचं बोलत होते!

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

आणखी एक फूल देवघरात गेलं. सासूबाई!!

१५ फेब्रुवारी, शनिवार

उरलेली सगळी सकाळीच कापली. मुंडकी जड, फुलदाणी कलंडायला लागली. शेवटी दुधाच्या किटलीत उभी केली. छान दिसतात. किटली माझ्या खोलीत, दाराला कडी.

सासूबाई दारात. "देवाला एक तरी दे गं."

"सोमवारी सगळी घ्या, आई."

डोळे भरून आले त्यांचे. फुलासाठी रडतं का कुणी? वैताग आहे नुसता.

१६ फेब्रुवारी, रविवार

फुलं ताठ होती. किटली बैठकीत नेताना देवघरातून आवाज आला. सासूबाई रिकाम्या हातांनी देवाशी भांडत होत्या — "माझ्या लग्नाच्या वक्ताला गप बसलास. आता या लेकराचं तरी जमू देऊ नगं. शिकू दे तिला."

मी सगळ्यात मोठं फूल काढलं, देठ मोडला आणि मुंडकं त्यांच्या ओंजळीत ठेवलं.

मग अपेक्षाच्या पप्पांना म्हटलं, जिंतूरला फोन लावा. येऊ नका म्हणावं.